रांगेत उभं राहण्याची शैली

आईबाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मी 'कँडिड' फोटोग्राफर बोलावला. 'कॅमेरा नाहीच असं समजा, एकमेकांकडे बघून हसा,' तो सांगत राहिला. आमच्या घरात माया 'जेवलास का?' एवढ्यावर भागते. अल्बममधली हसरी आई मला ओळखू येईना.

मग निकोलस निक्सनची 'द ब्राउन सिस्टर्स' ही मालिका पुन्हा काढली. १९७५पासून दरवर्षी त्याने बायको बीबी आणि तिच्या तीन बहिणींचा फोटो काढला. ८ बाय १० इंच फिल्मचा अवजड कॅमेरा, कृष्णधवल छपाई, चौघींचा क्रम तोच. हसण्याची सक्ती नाही. कॅमेरा समोर आहे हे त्या लपवत नाहीत, बहुतेकदा थेट त्याच्याकडे बघतात. पूर्वी मला हे लॉगफाइल वाचण्यासारखं वाटायचं (धंद्याची खोड). आता वाटतं, क्रम पक्का आहे म्हणूनच नजर बारीक गोष्टींवर जाते: कोण कुणाला किती टेकलंय, कुणाचा हात कुणाभोवती आहे. जवळीक अभिनयाने सिद्ध करावी लागत नाही.

निक्सन स्वतः मात्र चौकटीबाहेर. काही फोटोंत नुसती त्याची सावली पडते. आमच्या जुन्या अल्बममधून बाबाही असेच गायब आहेत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात.

यंदा दिवाळीत मी कॅमेरा स्टँडवर लावला, दहा सेकंदांचा टायमर. आई पदर सारखा करून ताठ उभी राहिली. बाबा तिच्या शेजारी आले, थोडं अंतर ठेवून.

"हसायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं आणि रांगेच्या टोकाला धावलो.