दिवा लुकलुकण्याआधी

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीत अनेक मायक्रोकंट्रोलर दडलेले असतात. इंजिनात इंधन केव्हा आणि किती सोडायचे, ब्रेक दाबल्यावर चाक घसरू लागले तर काय करायचे, हे त्या नखाएवढ्या चिप ठरवतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील मोटारींचे सुटे भाग घडवतात. या मुलांना शाळेत निदान एका चिपला स्वतः आज्ञा देता यावी, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. २०१६ साली नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब योजना सुरू झाली. तीत निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून आर्डुइनोचे बोर्ड शाळांत पोचले. अडचण सुरू होते ती खोके उघडल्यावर.

आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यालाही मायक्रोकंट्रोलर वापरता यावा, हा त्यामागचा हेतू. आज्ञावलीपुरता तो उत्तम साधला आहे. ‘सेटअप’मध्ये एकदाच करायचे काम, ‘लूप’मध्ये पुन्हा पुन्हा करायचे, आठवीतल्या मुलाला हे दहा मिनिटांत समजते. माझी तक्रार त्याआधीच्या पायरीची आहे, म्हणजे लिनक्सच्या संगणकावर हे सॉफ्टवेअर बसवून पहिला दिवा लुकलुकवण्याची. जुन्या संगणकांवर फुकट चालते म्हणून अनेक शिक्षक लिनक्स निवडतात, आणि नेमके तेच इथे अडतात.

पडद्यावर ‘अपलोड’चे एकच बटन दिसते, पण त्यामागे दोन वेगळे कारागीर राबतात. पहिला आपली आज्ञावली चिपच्या भाषेत उतरवतो. दुसरा ते भाषांतर यूएसबी केबलमधून बोर्डावर नेऊन ठेवतो. लिनक्सवरची बहुतेक रडगाणी या दुसऱ्याची असतात. परंतु बटन एकच असल्याने शिक्षकाला वाटते, सगळेच बिघडले. शेजारचे ‘व्हेरिफाय’ बटन दाबून पाहावे. ते बिनतक्रार चालले तर पहिला कारागीर ठीक आहे, एवढे तरी निश्चित होते. ही साधी गोष्ट त्या लाल अक्षरांतल्या इंग्रजी संदेशांतून कुठेही उमगत नाही.

सर्वांत जास्त भेटणारा संदेश म्हणजे ‘परमिशन डिनाइड’, परवानगी नाही. कोणाची परवानगी? यामागची गोष्ट मजेदार आहे. पूर्वी संगणकाच्या सीरियल पोर्टला मोडेम जोडत आणि मोडेमला टेलिफोन. पोर्ट ज्याच्या हाती, तो कुठेही फोन लावू शकणार आणि बिल संस्थेच्या नावावर येणार! घराघरांत एसटीडीच्या धास्तीने फोनच्या डायलला कुलूप लावत, त्याचाच हा संगणकी भाऊ. उबुंटूसारख्या प्रणालींत आजही सीरियल पोर्ट वापरण्याचा हक्क ‘डायलआउट’ नावाच्या गटाकडे असतो. आपले नाव त्या गटात घालायचे, मग लॉगआउट करून पुन्हा आत यायचे, कारण गटांची यादी प्रवेशाच्या वेळीच वाचली जाते. ही दुसरी अर्धी सूचना गाळली की शिक्षकाचा तास वाया गेलाच म्हणून समजा.

पुष्कळ मार्गदर्शिका मात्र वेगळाच मंत्र देतात: त्या पोर्टची फाइल सर्वांना खुली करण्याची आज्ञा. ती चालते, पण बोर्ड काढून पुन्हा लावला की ती फाइल नव्याने तयार होते आणि पहिले पाढे पंचावन्न. कारण न सांगता दिलेल्या उपायाचा हा ठरलेला शेवट.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिनी चिप असते. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीत असा बोर्ड जोडला की पोर्ट क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्टीसाठी ‘बीआरएलटीटीवाय’ नावाची सेवा त्या प्रणालीत असते. ब्रेलच्या एका यंत्राची यूएसबी ओळखही तीच असल्याने ही सेवा आर्डुइनोला ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेते. ‘ती सेवा काढून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो संगणक एखादी अंध विद्यार्थिनी वापरत असेल तर? नियमांच्या फाइलमधली तेवढी एक ओळ बंद केली तरी काम भागते. मला हा उपाय जास्त सभ्य वाटतो.

राहिला आवृत्तीचा प्रश्न. २०२२ साली आलेली दुसरी आवृत्ती देखणी आहे, पण ती ६४ बिटांचाच संगणक मागते आणि स्मृतीही भरपूर खाते. शिवाय तिची ‘ॲपइमेज’ फाइल उबुंटू २२.०४ वर दोनदा टिचकी मारूनही उघडत नाही. तिला लागणारे एक जुने ग्रंथालय तिथे आधीपासून नसते, आणि पडद्यावर त्याचा चकार शब्द येत नाही. शाळेच्या जुन्या संगणकासाठी मी १.८.१९ हीच आवृत्ती सुचवीन. ती ३२ बिटांच्या लिनक्ससाठीही मिळते.

तरी सगळे खापर लिनक्सवर फोडू नये. चिखलीजवळच्या एका शाळेत ‘लिनक्समुळे काहीच होत नाही’ म्हणून मला बोलावणे आले. गट तपासला, पोर्ट शोधले, पोर्टच नव्हते. शेवटी केबल बदलली आणि दिवा लुकलुकू लागला. आधीची केबल कोणाच्या तरी मोबाइलच्या चार्जरची होती. त्यावर एका मुलीने विचारले, “मग बोर्डावरचा हिरवा दिवा मघाशी कसा लागला होता?” तासाचा उरलेला वेळ ती केबल सोलून आतल्या तारा मोजण्यात गेला. चारऐवजी दोनच निघाल्या.