स्वरसंवाद आणि हेल्महोल्ट्झ यांची उपपत्ती

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनांविषयीचा ग्रंथ १८६३ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. दोन स्वर परस्परांशी जुळतात असे कानाला का वाटते, या प्रश्नाला पायथागोरसच्या परंपरेने संख्येचे उत्तर दिले होते. हेल्महोल्ट्झ यांनी ते श्रवणेंद्रियाच्या रचनेत शोधले. या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. तथापि त्यातील कल्पनेला मराठीत आपण ‘संवाद’ हा भरताचा शब्द योजतो, तेव्हा दोन भिन्न गोष्टी एक मानल्या जातात काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

उपपत्ती थोडक्यात अशी. तंतूचा अथवा कंठाचा स्वर एकेरी नसतो. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे अंशस्वर त्यात मिसळलेले असतात. षड्ज २४० व पंचम ३६० कंपनांचा घेतल्यास षड्जाचा तिसरा आणि पंचमाचा दुसरा अंशस्वर ७२० वर एकत्र येतात. पंचम ३६३ वर सरकला की ७२० व ७२६ यांच्यामुळे सेकंदाला सहा विस्पंद उमटतात. विस्पंद तीस-चाळीसच्या घरात गेले म्हणजे खरखर सर्वाधिक जाणवते. तिचा अभाव म्हणजेच संवाद. १९६५ साली प्लॉम्प व लेव्हेल्ट यांनी ही खरखर कोणत्याही एका ठराविक संख्येशी नव्हे, तर अंतर्कर्णाच्या पृथक्करणशक्तीशी निगडित असल्याचे दाखवून उपपत्तीस अधिक भक्कम पाया दिला.

परंतु ही व्याख्या मुळात निषेधात्मक आहे. भांडण नसणे म्हणजे स्नेह नव्हे. तद्वत खरखर नसणे म्हणजे संवाद नव्हे. मूळ कंपन ध्वनीत नसतानाही केवळ वरच्या अंशस्वरांवरून कान ते ऐकतो, हे झेबेक यांच्या १८४१ च्या व शाउटन यांच्या १९४० च्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. अर्थात श्रवण हे विखुरलेल्या अंशांना एका मुळाशी जोडू पाहते. २४० व ३६० हे १२० या एकाच मुळाचे दुसरे व तिसरे अंश होत. त्यांच्या जुळण्याचे भावरूप कारण येथे असू शकते. २०१० साली मॅकडरमॉट व सहकाऱ्यांना असे आढळले की श्रोत्यांची संवादाची आवड अंशस्वरांच्या एकमूलतेच्या आवडीशी जुळते, विस्पंदांच्या नावडीशी नव्हे. २०१२ च्या एका अभ्यासात जन्मजात स्वरबधिर व्यक्तींना विस्पंद इतरांप्रमाणेच नकोसे वाटले. संवादाची आवड मात्र त्यांच्यात दिसली नाही. बोलिव्हियातील त्सिमाने लोकांना संवादी व विसंवादी स्वरयुग्मे सारखीच सुखद वाटली, खरखर मात्र अप्रियच वाटली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. एका समाजावरून सार्वत्रिक सिद्धान्त काढणे धाडसाचे होईल. परंतु खरखरीची नावड आणि संवादाची आवड या दोन स्वतंत्र वृत्ती आहेत, एवढे यावरून मानावयास हवे.

आता भरताकडे वळू. नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वर परस्परांचे संवादी होत. हे नाते एकापाठोपाठ येणाऱ्या स्वरांनाही लागू आहे आणि तेथे विस्पंदांना अवकाशच नाही. आजच्या रागगायनात तंबोऱ्यामुळे स्वर एकत्र ऐकू येतात हे खरे. जवारीमुळे, ज्या बिंदूवर तार छेडावी तेथे निस्पंद असणारे अंशस्वरही त्यात उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले. म्हणून सूर लावताना गायकाला हेल्महोल्ट्झ निश्चितच उपयोगी पडतील. परंतु तंबोऱ्याशी जुळणे ही रागातील संवादाची एक बाजू झाली, संपूर्ण संवाद नव्हे.

कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बावीस श्रुतींना निश्चित गुणोत्तरे दिली. त्या परिश्रमांचा आदर राखूनही म्हणावे लागते की, गुणोत्तराचे सुबकपण हा श्रवणाचा पुरावा नव्हे. गायक कोणत्या कंपनसंख्येवर स्थिरावतो, हे मोजावे लागेल. श्रोत्याला कोणता भेद कळतो, हे त्यालाच विचारावे लागेल. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळविल्यावाचून श्रुतींविषयीचा आपला वाद गणिताचाच राहील, संगीताचा होणार नाही.