कुठे गळ टाकायचा?

लुडविग्सहाफेनमध्ये ऱ्हाइनच्या काठावर गळ टाकून बसायचं, तर आधी परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, त्यांचे विणीचे महिने, किती लांबीपर्यंतचा मासा परत सोडायचा, मारण्याआधी त्याला बेशुद्ध कसं करायचं, हे सगळं शिकावं लागतं. मग परवाना, आणि त्या-त्या पाण्यापुरती वेगळी परवानगी. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्यानुसार कणा असलेला कुठलाही प्राणी सबळ कारणाशिवाय मारणं गुन्हा आहे. मासा खायचा आहे हे कारण चालतं, नुसती हौस चालत नाही.

हाच परवानाधारक सुट्टीसाठी उष्ण समुद्राकडे निघाला की मात्र सगळा अभ्यास विसरतो. त्याच्या हातात एक यादी असते: कुठलं ठिकाण, कुठला महिना, कुठला मासा, होडीचं भाडं किती. कॅनरी बेटं, फ्लोरिडा, केनिया, आणि आता गोवा नि मालवणसुद्धा. अशा याद्या तुम्हीही चाळल्या असतील. त्यांत समुद्र म्हणजे दुकानाची मांडणी असते. त्या पाण्यावर कोणाचं पोट आहे, याचा उल्लेख सहसा नसतो.

म्हणून 'कुठे जावं' असं कोणी विचारलं, तर मी एक पुस्तक सुचवतो. ते तुम्ही बहुधा वाचलेलं आहे, पण या प्रश्नासाठी नाही. हेमिंग्वेची 1952 सालची 'द ओल्ड मॅन अँड द सी', आणि पु. ल. देशपांडे यांनी केलेला तिचा मराठी अनुवाद 'एका कोळियाने'.

अनुवादाचं शीर्षक चपखल आहे. कोळी म्हणजे मासेमार आणि कोळी म्हणजे जाळं विणणारा किडाही. शाळेतली पडून पुन्हा चढणाऱ्या कोळ्याची कविता लगेच आठवते. पण हे शीर्षक वाचकाला एका बाजूला झुकवतं. चौऱ्याऐंशी दिवस मासा मिळाला नाही तरी म्हातारा सांतियागो पुन्हा निघतो, ही चिकाटीची गोष्ट होऊन बसते. आपण बहुतेकांनी ती तशीच वाचली आणि मुलांनाही तशीच सांगितली.

आता ती जागा निवडण्याची गोष्ट म्हणून वाचून पाहा. पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा ठरवून इतर होड्यांच्या पलीकडे जातो. नेहमीच्या खोल जागा त्याने आधीच्या आठवड्यात धुंडाळल्या आहेत. आज त्याला कुप्याच्या जातीच्या माशांचे थवे असतील तिथे जायचं आहे, कारण मोठा मासा त्यांच्या आसपास असेल. वर घिरट्या घालणारा पक्षी, पाण्याबाहेर झेपावणारे उडते मासे, पाण्याचा रंग, वाहत आलेलं शेवाळ, हे सगळं तो वाचत जातो. त्याचे चार गळ चाळीस, पंच्याहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव खोलीवर आहेत, आणि दोर इतर कोणाहीपेक्षा सरळ. कुठलीही यादी हे देऊ शकत नाही. हे ज्ञान एकाच पाण्यावर आयुष्य काढल्याने येतं.

आणि तरीही त्याची निवड चुकते. मार्लिन मिळतो, होडीहून दोन फूट लांब. पण परतीचं अंतर इतकं आहे की शार्क त्याचा सांगाडा करून टाकतात. म्हाताऱ्याचं स्वतःचं निदान साधं आहे: आपल्याला कोणी हरवलं नाही, आपणच फार लांब गेलो. चिकाटीची गोष्ट म्हणून वाचताना हे वाक्य आपण ओलांडून जातो. मला ते कादंबरीचं मर्म वाटतं. मासा कुठे आहे एवढंच कळून भागत नाही. तिथून काय घेऊन परत येता येईल, हेही जागा निवडतानाच ठरतं.

माझी एक तक्रारही आहे. हेमिंग्वे स्वतः हौशी मासेमार होता. 1934 साली त्याने 'पिलार' ही बोट घेतली आणि क्युबाच्या समुद्रात वर्षानुवर्षं मार्लिनमागे हिंडला. एक माणूस विरुद्ध एक मासा, हे द्वंद्व त्या हौसेतून आलं आहे. मानोलिन नावाच्या पोराची आठवण म्हाताऱ्याला समुद्रावर सारखी येते. पण आईबापांनी पोराला दुसऱ्या होडीवर पाठवलेलं असतं, आणि लेखकाला म्हातारा एकटाच हवा असतो. आपल्या कोकणात रापण ओढताना पाहिली असेल, तर हा एकटेपणा खटकेल. तिथे एका जाळ्याला अनेक घरांचे हात लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात.

मालवणचाच विचार करू. जर्मनीतल्या शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात येते. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. पुढे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याची पूजा होते. म्हणजे आपल्या सोयीची सुट्टी समुद्राच्या सोयीची नाही. नाताळातली आहे. पण तेव्हाही सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि पर्ससीन नौका नि पारंपरिक मच्छीमार यांचा झगडा तिथे जुना आहे. तुम्ही गळ टाकता ते पाणी कोणाच्या तरी भांडणातलं, कोणाच्या तरी चुलीवरचं आहे.

म्हणून माझा सल्ला एवढाच: आधी ठिकाण ठरवू नका, माणूस शोधा. त्या गावातल्या कोणा मच्छीमार काकांच्या होडीतून जा. भांग आहे की उधाण, खाडीच्या मुखाशी मासा कधी लागतो, ते त्यांना विचारा. आणि ते स्वतः कुठे जात नाहीत, आणि का, हेही विचारा. ऱ्हाइनकाठची परीक्षा आपल्याकडून एवढं करवून घेतेच. तिथे ते आपणहून करायचं.

कादंबरीच्या शेवटी एक पर्यटक बाई हॉटेलातून खाली पाहते. पाण्यात मार्लिनचा सांगाडा हेलकावतो आहे. ती वेटरला विचारते, तो काय घडलं ते सांगू पाहतो, आणि तिला वाटतं की हा शार्कचाच सांगाडा. शेपटी किती सुंदर, म्हणून तिला नवल वाटतं. पहिल्या वाचनात मी तिला हसलो होतो. आता सुट्टीचं तिकीट काढताना मला ती आठवते.