लाभाचे पद आणि लाभार्थी : दोन निकालांतील शब्दार्थाची चिकित्सा

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागोपाठच्या दोन दिवशी दोन निकाल दिले. २५ तारखेच्या निकालाने संसद व विधिमंडळे यांच्या सदस्यांना सदस्यत्वाच्या काळात वकिली करण्याची मोकळीक कायम राहिली. २६ तारखेच्या निकालाने आधार कायद्याची घटनात्मकता चार विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य झाली. दुसऱ्या निकालाच्या गदारोळात पहिला जवळजवळ बुडून गेला. वस्तुतः हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्ही पीठांवर सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्यासह न्यायमूर्ती अजय खानविलकर व धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. पहिला निकाल खानविलकर यांनी लिहिला. दुसऱ्यात ते बहुमताबरोबर राहिले, तर चंद्रचूड यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. कायद्याच्या अभ्यासकांनी या निकालांची चर्चा आपल्या शास्त्राच्या दृष्टीने केलेलीच आहे. येथे पाहावयाचे आहे ते इतकेच की, ‘लाभ’, ‘आधार’ व ‘ओळख’ या नित्याच्या शब्दांनी या वादांत कोणते काम केले, आणि ते कोणाच्या बाजूने केले.

प्रथम ‘लाभ’ या शब्दाचा विचार करू. मराठीत हा शब्द मुळातच शुभ आहे. व्यापाऱ्याच्या चोपडीवर तो ‘शुभ’ या शब्दाच्या जोडीने बसतो. दर्शनाचा लाभ होतो, सहवासाचा लाभ होतो. ‘नफा’ या अरबी शब्दाला असलेला बाजाराचा वास ‘लाभा’ला नाही. संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ मधील संज्ञेसाठी मराठीने ‘लाभाचे पद’ हा प्रयोग स्वीकारला, तेव्हा या शब्दाच्या अर्थाचा फार मोठा भाग कापला गेला. एक तर हा लाभ केवळ शासनाच्या पदापासून होणारा असला पाहिजे. दुसरे असे की, तो प्रत्यक्ष हाती पडलाच पाहिजे असे नाही. जया बच्चन यांच्या प्रकरणात २००६ साली न्यायालयाने स्पष्ट केले की, त्या पदापासून आर्थिक लाभ होणे शक्य असले म्हणजे पुरे. तो घेतला की नाही हा प्रश्न गौण होय. म्हणजे एखाद्या महामंडळाचे मानधन न घेणारा अध्यक्षदेखील लाभाच्या पदावर असू शकतो. उलट एखाद्या कंपनीकडून सल्ल्याबद्दल दरमहा भरघोस रक्कम घेणारा सदस्य लाभाच्या पदावर नसतोच. रोजच्या मराठीत ज्याला कोणीही लाभच म्हणेल, तो या संज्ञेच्या बाहेर राहतो. आणि ज्याला कोणी लाभ म्हणणार नाही, तो तिच्या आत येतो.

या संकोचाला ऐतिहासिक कारण आहे. राजाने सभासदांना पदे वाटून विकत घेऊ नये, ही ब्रिटिश पार्लमेंटची जुनी चिंता होती. तीतून ही संज्ञा निर्माण झाली. धनको कंपन्या, खाण, बंदर, बांधकाम यांच्या हितसंबंधांची भीती तीत नाही, कारण तीत भीती आहे ती सिंहासनाची. १९५९ साली संसदेने अपात्रतेच्या प्रतिबंधाचा कायदा करून काही पदे या बंधनातून वगळली, आणि २००६ साली तीत दुरुस्ती करून आणखी काही पदे पूर्वलक्षी प्रभावाने वगळली. संज्ञेचा अर्थ ठरविणारे व त्या अर्थाने बाधित होणारे एकच, असा हा विरळा प्रसंग आहे. कोशकाराला असे अधिकार असते तर कोश केव्हाच संपला असता!

२५ सप्टेंबरच्या निकालातही असाच एक शब्द निर्णायक ठरला. वकील परिषदेच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. सदस्याला वेतन मिळते, तेव्हा तो पूर्णवेळ पगारी नोकर होय, असा अर्जदाराचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो नाकारला: सदस्य व शासन यांच्यात मालक-नोकर असे नाते नाही आणि नियमात अन्य प्रतिबंध नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बरोबरच आहे. लोकप्रतिनिधीला कोणाचाही नोकर म्हणणे हा लोकशाहीच्या व्याकरणाचाच भंग झाला असता. मराठी वर्तमानपत्रांनी त्याच्या वेतनाला बहुधा ‘मानधन’ म्हटले आहे, तेही याच जाणिवेने. मानधन घेणारा नोकर कसा होईल? परंतु प्रश्नच चुकीच्या शब्दावर उभा केला गेला, असे म्हणावे लागते. खरा प्रश्न तो नोकर आहे की नाही हा नव्हता. तो सभागृहात बोलतो तेव्हा त्याच्या वाणीत आणखी कोणाचा आवाज मिसळलेला आहे, हा होता. अर्जदाराने हितसंबंधांच्या विरोधाचा मुद्दा मांडला होता. पण नियमात ज्याला शब्द नाही त्याला न्यायालयात जागा नसते.

सदस्याने अन्य व्यवसाय करूच नये, असा या विवेचनाचा आशय नाही. रत्नागिरी जिल्ह्याने तरी असे म्हणू नये. मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे उच्च न्यायालयातील सरकारी वकील, ‘नेटिव्ह ओपिनियन’चे संस्थापक, धर्मशास्त्राचे संपादक आणि मुंबई व पुढे गव्हर्नर-जनरलच्या कायदेमंडळाचे सदस्यही होते. आजच्या कसोटीने पहिल्याच पदापाशी त्यांचे सदस्यत्व अडले असते. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८९५ ते १८९७ या काळात कायदेमंडळात होते आणि त्याच वेळी ‘केसरी’ चालवीत होते. मुर्डीचे रँग्लर परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच विधिमंडळात गेले. म. म. पां. वा. काणे १९५३ ते १९५९ या काळात राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते; धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे लेखन त्या वर्षांत थांबले नव्हते, आणि थांबले असते तर देशाचे नुकसानच झाले असते. अन्य व्यवसाय सदस्याला स्वतंत्र ठेवतो, हा विचार जुना व पुष्कळ अंशी खरा आहे. ब्रिटनमध्ये तर १९११ पर्यंत सर्वसामान्य सदस्याला वेतनच नव्हते.

फरक आहे तो उघडपणाचा. टिळकांचा व्यवसाय दर आठवड्याला छापून येत होता. १९५१ साली हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेकडून मोबदला घेऊन तिच्या बाजूने संसदेत प्रयत्न केले, तेव्हा दोष व्यवसायाचा नव्हता, झाकलेल्या व्यवहाराचा होता. चौकशी समितीने त्यांना दोषी ठरविले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये, हकालपट्टी टाळण्यासाठी, त्यांनी राजीनामा दिला. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतील अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली, त्यांत महाराष्ट्रातील सदस्यही होते. दोन्ही वेळा कलंक लागला तो गुप्ततेमुळे. राज्यसभेने यावर एक उपाय योजला आहे. तिच्या नियम २९३ अन्वये सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. मोबदल्याचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, बहुसंख्य भागभांडवल, सशुल्क सल्लागारी व व्यावसायिक नेमणूक अशी पाच सदरे तीत आहेत. लोकसभेत अशी नोंदवही नाही. उमेदवारी अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र आहे, पण ते निवडणुकीपुरते. शिवाय त्यातील ‘व्यवसाय’ हे सदर भाषाभ्यासकाने अवश्य पाहावे असे आहे. ‘शेती’, ‘व्यापार’ व ‘समाजसेवा’ या तीन शब्दांत किती जीवने मावतात! शेवटचा शब्द व्यवसायाच्या रकान्यात बसला की सेवेचे मोल विचारणेच अप्रशस्त ठरते.

आता दुसऱ्या बाजूचा ‘लाभ’ पाहू. २०१६ चा आधार कायदा आपल्या नावातच आर्थिक साहाय्य, लाभ व सेवा यांच्या लक्ष्यित वितरणाचा उल्लेख करतो. त्याच्या कलम ७ प्रमाणे भारताच्या संचित निधीतून मिळणाऱ्या लाभासाठी आधाराने ओळख पटविण्याची अट घालता येते. बहुमताने हे कलम राखले. बँक खाते व मोबाईल यांची जोडणी मात्र रद्द ठरविली. येथे लाभ घेणारा तो ‘लाभार्थी’. ‘विद्यार्थी’ ज्याप्रमाणे विद्या इच्छितो त्याप्रमाणे हा लाभ इच्छितो. म्हणजे हक्कदार असूनही भाषेने त्याला याचकाच्या ओळीत उभे केले आहे. २०१७ साली महाराष्ट्र शासनाच्या जाहिरातींत सामान्य माणसे ‘मी लाभार्थी’ असे सांगताना दिसली. कोणा सदस्याने स्वतःस लाभार्थी म्हणविल्याचे आठवत नाही. एकच ‘लाभ’ हा शब्द वरच्या पायरीवर शक्यतो टाळावयाचे दूषण ठरतो आणि खालच्या पायरीवर उघड मिरवावयाचे बिरुद. सदस्याचा लाभ मोजताना संज्ञा जितकी अरुंद, तितकी लाभार्थ्याचा लाभ मोजताना ती रुंद.

‘आधार’ या नावाची निवड मात्र असामान्य कौशल्याची होती, हे मान्य केले पाहिजे. पाणिनीने अधिकरण कारक ज्या शब्दाने समजावले तो हा शब्द: क्रिया जेथे टेकते ते स्थान. मराठीत म्हातारपणाचा आधार असतो, विधानाला आधार लागतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हा योजना आणि नाव दोन्ही जणू एकाच आश्वासनाने बोलत होती. पण लोकभाषेने तेव्हापासून एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. ‘त्याचा आधार गेला’ यातील आधार पुल्लिंगी आहे. ‘आधार काढले’, ‘आधार जोडले’ या बोलण्यातील आधार ‘कार्डा’च्या संगतीने नपुंसकलिंगी झाला आहे. लिंगभेदाने दोन शब्द वेगळे झाले, आणि कोणत्याही समितीने तसे ठरविलेले नाही. सरकारी भाषेला हा भेद जमला नाही. १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जदाराकडे आता आधार क्रमांक मागितला जातो. निराधार ठरण्यासाठी आधार हवा, हे वाक्य विनोदासाठी रचावे लागत नाही.

आधारास राष्ट्रीय ओळखपत्र समजणे हीही चूकच. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कोणालाही तो मिळू शकतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा हर्णे बंदरात हा भेद पुस्तकी राहत नाही, कारण तेथील नौकांवर नेपाळातून आलेले खलाशी काम करतात. २००८ च्या नोव्हेंबरात हल्लेखोर समुद्रमार्गाने मुंबईत शिरले. त्यानंतर किनारपट्टीवरील मच्छिमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आखली गेली, आणि किनाऱ्यावरील गावांतून रहिवाशांची नोंदणीही झाली. त्या भीतीला आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जाळे ओढून ज्याच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत त्याने यंत्रावर बोट ठेवावयाचे आणि यंत्राने ‘ओळख पटली नाही’ असे सांगावयाचे, ही परिस्थिती केवळ तांत्रिक नव्हे.

या वाक्यापाशी थोडे थांबावे लागते. मराठीतील ‘ओळख’ हे मूलतः दोघांतील नाते आहे. ‘त्याची माझी ओळख आहे’ असे म्हटले की दोघेही एकमेकांस ओळखतात. ‘ओळखपाळख’ या जोडशब्दात तर तिला सोयरिकीची ऊब आहे. ‘पोलिसांना मृताची ओळख पटली’ या अकर्मक प्रयोगात पटण्याचा अनुभव ओळखणाऱ्याचा आहे, आणि म्हणून ती न पटल्यास उणेपणाही त्याचाच. ‘अर्जदाराने आपली ओळख पटवावी’ असे म्हणताच धातू प्रयोजक झाला. आता कर्ता ओळखला जाणारा आहे. ओळखणारा वाक्यातून दिसेनासा झाला आहे आणि अपयशाचे ओझे दुसऱ्या टोकाला गेले आहे. बहुमताच्या निकालात वंचित कोणी राहणार नाही अशी शासनाची आश्वासने विश्वासाने नोंदविली गेली. चंद्रचूड यांच्या विरोधी मताने नेमके हे ओझे कोणाच्या माथी पडते तेच पाहिले. तंत्राच्या चुकीचा भुर्दंड माणसाने का सोसावा, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. आणि विधेयक धनविधेयक म्हणून आणणे ही संविधानाची फसवणूक होय, असेही त्यांनी म्हटले. या दुसऱ्या मुद्द्याकडे प्रस्तुत संदर्भात आणखी एका कारणाने लक्ष जाते. १६ मार्च २०१६ रोजी ज्या सभागृहाच्या दुरुस्त्या धनविधेयकाच्या वाटेमुळे निरर्थक ठरल्या, ते सभागृह राज्यसभा होते, म्हणजे ज्याच्या सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे ते.

ब्रिटनमध्ये हेच दोन वाद बरोबर उलट दिशेने गेले. महायुद्धात १९३९ साली आलेली ओळखपत्रे क्लॅरेन्स विल्कॉक या नागरिकाने ती दाखविण्यास नकार दिल्यानंतर, १९५२ मध्ये बंद झाली. २००६ चा ओळखपत्रांचा कायदा २०१० साली रद्द होऊन त्याची नोंदणी नष्ट करण्यात आली. सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही मात्र १९७४ च्या ठरावापासून आहे आणि ती कोणालाही पाहता येते. तीमुळे सर्व गैरव्यवहार थांबले असे नाही; २०२१ साली ओवेन पॅटरसन या सदस्याला आपल्याला पैसे देणाऱ्या कंपन्यांसाठी खटपट केल्याबद्दल जावे लागले. पण त्याच्यावरील आरोप सिद्ध करताना त्याचा व्यवसाय कोणता, हे शोधावे लागले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तेथील सरकारने अंकीय ओळखपत्राची घोषणा केली आणि जुना वाद पुन्हा सुरू झाला.

लोकसभेच्या कार्यपद्धतीत हितसंबंधांना अगदीच जागा नाही असेही नाही. नियम ३७१ प्रमाणे एखाद्या सदस्याचा मतदानाच्या विषयात वैयक्तिक, आर्थिक अथवा प्रत्यक्ष हितसंबंध असल्यास त्याच्या मतास हरकत घेता येते. परंतु ती हरकत दुसऱ्या कोणी घ्यावयाची, कारण दुसऱ्याने दाखवावयाचे, आणि निर्णय अध्यक्षांनी द्यावयाचा. येथे क्रियापद प्रयोजक नाही. सदस्याने आपला हितसंबंध पटवून द्यावयाचा नसतो. तो इतरांना पटला तर पटतो. बंदरावरच्या खलाशासाठी वापरलेले ‘पटविणे’ या नियमात आणावयाचे, तर लोकसभेला नियम ३७१ ची वाक्यरचना बदलावी लागेल आणि राज्यसभेच्या नोंदवहीतील ती पाच सदरे आपल्याकडे उतरून घ्यावी लागतील.