सभागृहाने दिलेलं उत्तर

शरद पवारांचं 2 मे 2023 चं भाषण मी पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पवारांच्या तोंडचा नाही. भाषण संपल्यावर मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सभागृहात जे घडलं, तो आहे. माणसं खुर्च्या सोडून उठली, मंचाकडे धावली, आणि 'निर्णय मागे घ्या' ही एकच मागणी चहूकडून उसळली. आपल्याकडे वक्त्यांचं कौतुक पुष्कळ होतं, ऐकणाऱ्यांनी दिलेलं उत्तर मात्र बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जातं. हे उत्तर ओळीओळीने वाचण्याच्या योग्यतेचं आहे.

आधी प्रसंग. निमित्त पवारांच्या 'लोक माझे सांगाती' या राजकीय आत्मकथेच्या नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाचं होतं. मंचावर शेजारी पत्नी प्रतिभाताई, समोर पक्षाचे नेते आणि कार्यकर्ते. पवारांनी लिहून आणलेलं भाषण वाचायला घेतलं. 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र जन्माला आला त्याच दिवशी सुरू झालेल्या आपल्या सार्वजनिक प्रवासाची उजळणी केली. राज्यसभेची तीन वर्षं उरली आहेत, यापुढे निवडणूक लढवणार नाही, इतक्या वर्षांनंतर अधिक मोह नको, असं सांगत त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून निवृत्त होत असल्याचं जाहीर केलं. नवा अध्यक्ष ठरवण्यासाठी एक समितीही सुचवली.

या भाषणाची बांधणी फार कसबी आहे. भाषणात तक्रार नाही, आरोप नाही, आवाज कुठे कापत नाही. शिक्षण, शेती, सहकार, क्रीडा, संस्कृती या क्षेत्रांत काम करत राहणार असं सांगत त्यांनी ऐकणाऱ्यांना आधी दिलासा दिला आणि त्या दिलाशातच निरोप गुंफला. पुस्तकाच्या समारंभाला आलेल्या माणसाचं मन सैल असतं, तो जुन्या आठवणी ऐकायला आलेला असतो. त्याच आठवणींच्या ओघात राजीनामा आला. म्हणून पहिले काही क्षण सभागृहाला काय ऐकलं तेच उमगलं नाही. त्यानंतर जो कल्लोळ झाला तो त्या न उमगण्यातून फुटलेला होता.

या निर्णयाची पूर्वसूचना मिळालीच नव्हती असं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात मुंबईतल्याच युवकांच्या कार्यक्रमात पवार म्हणाले होते की भाकरी योग्य वेळी फिरवावी लागते, नाही तर ती करपते, आणि आता ती वेळ आली आहे. महाराष्ट्राच्या राजकारणात हा दाखला सगळ्यांना पाठ आहे, पण आमच्या बिडकीनसारख्या गावात चुलीपुढे बसणाऱ्या बाईला तो पुढाऱ्यांपेक्षा जास्त कळतो. ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते. तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची. उशीर झाला तर वरून चिरते, खालून करपते. घाई केली तर पापुद्रा सुटत नाही, मग निखाऱ्यावर धरली तरी फुगत नाही. पवारांनी दाखल्यातली उशिराची बाजू सांगितली. घाईची बाजू सभागृहाने सांगितली. आमची भाकरी अजून उलटायच्या बेताची झालेली नाही, हेच त्या गलक्यातून निघत होतं. वक्त्याने अर्धा ठेवलेला दाखला श्रोत्यांनी पुरा केला.

आता तो गलका जवळून ऐकू. जयंत पाटील बोलायला उभे राहिले आणि त्यांचा कंठ दाटून आला. ज्या माणसाने राज्याचा अर्थसंकल्प अनेक वेळा मांडला, ज्याची विधानसभेतली शैली मिश्कील आणि तोलून-मापून बोलण्याची, त्याला वाक्य पुरं करता येईना. जितेंद्र आव्हाडांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राष्ट्रीय सरचिटणीसपद सोडलं. छगन भुजबळांसारखा, शिवसेनेतून काँग्रेसमध्ये आणि तिथून राष्ट्रवादीत आलेला, सगळे ऋतू पाहिलेला नेताही राजीनामा मान्य नाही असंच म्हणत होता. पुढाऱ्यांची भाषा आणि मागच्या रांगेतल्या कार्यकर्त्याची भाषा एक झाली, हे या प्रसंगाचं पहिलं सौंदर्य. एरवी मंचावरचा माणूस मुद्दे मांडतो आणि खालचा टाळ्या वाजवतो. त्या दुपारी मंचावरच्यांकडे मुद्दे उरले नव्हते.

याला अपवाद एकाच आवाजाचा होता, पवारांचे पुतणे अजित पवार यांचा. ते पुन्हा पुन्हा माइक घेत होते, लोकांना शांत करत होते आणि वेगळंच काही सांगत होते. हे कधी तरी होणारच होतं, नवा अध्यक्ष झाला तरी तो साहेबांच्याच मार्गदर्शनाखाली काम करणार, काँग्रेसचे अध्यक्ष खरगे असले तरी पक्ष सोनिया गांधींकडे पाहूनच चालतो ना, असा त्यांचा सूर. पवारांच्या कन्या सुप्रिया सुळेंनी बोलावं असा आग्रह झाला, तेव्हा मोठा भाऊ या नात्याने त्यांनी तिला बोलू नकोस म्हणून सांगितलं. अख्खा प्रसंग या एका क्षणात दिसतो. पक्षाच्या अध्यक्षपदाचा प्रश्न आणि घरातल्या थोरल्या-धाकटीचा प्रश्न एका वाक्यात एकत्र आले, आणि सभागृहातल्या कोणालाही त्यात काही विपरीत वाटलं नाही. कारण तिथे बसलेल्यांसाठी पक्ष म्हणजे साहेब, दादा आणि ताई. घरातल्या वडीलधाऱ्याला कोणी मतपत्रिकेने निवडत नाही, आणि तो उठून जायला निघाला की माणसं ठराव मांडत नाहीत, हात धरतात. त्या दुपारची भाषा विनवणीची का होती याचं उत्तर इथे आहे.

पवारांना हे दृश्य नवं नव्हतं. मे 1999 मध्ये पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी परदेशी जन्माचा मुद्दा काढल्यावर सोनिया गांधींनी काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं होतं. तेव्हा दिल्लीत कार्यकर्त्यांनी असाच आकांत मांडला, हे तिघे पक्षाबाहेर गेले, काही दिवसांतच सोनिया परतल्या आणि 10 जून 1999 ला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. म्हणजे ज्या पक्षाचा जन्मच अशा एका आकांताच्या पाठोपाठ झाला, त्या पक्षाने 24 वर्षांनी स्वतःच्या नेत्यासाठी तोच आकांत केला. त्याआधी जुलै 1992 मध्ये बाळासाहेब ठाकरेंनी 'सामना'तून शिवसेना सोडण्याची घोषणा केली, तेव्हा 'मातोश्री'बाहेर शिवसैनिकांचा लोंढा जमला आणि बाळासाहेबांनी शब्द मागे घेतला. आपल्या राजकारणातली ही एक रुळलेली वाट आहे: नेता जायला निघतो, लोक अडवतात, नेता पहिल्यापेक्षा मोठा होऊन बसतो.

2023 मध्ये तसंच झालं. 5 मे रोजी समितीने राजीनामा नामंजूर करण्याचा ठराव केला आणि त्याच संध्याकाळी पवारांनी निर्णय मागे घेतला. त्या निवेदनात त्यांनी आपल्या पुस्तकाच्या नावाचा आधार घेतला आणि लोकांच्या भावनांचा अनादर आपल्याकडून होणार नाही, असं सांगितलं. रचनेच्या दृष्टीने हे फार देखणं आहे. 2 मे ला जे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं, ते 5 मे पर्यंत सभागृहाने खरं करून दाखवलं होतं. आणखी एक वाक्य मात्र त्या निवेदनात होतं, पक्षात उत्तराधिकारी तयार व्हायला हवा, असं सांगणारं. टाळ्यांमध्ये ते विरून गेलं. पत्रकार परिषदेला अजित पवार नव्हते.

पुढे 1 डिसेंबर 2023 ला कर्जतच्या शिबिरात अजित पवारांनी दावा केला की राजीनामा आणि त्यानंतरचं आंदोलन हे सगळं आधी ठरलेलं होतं. शरद पवारांनी तो दावा मान्य केला नाही. या वादाचा निकाल लावणं माझं काम नाही, पण रसिकापुढे तो एक खरा प्रश्न ठेवतो: मंचावरचं ठरलेलं असेल, तर समोरची आसवं खोटी ठरतात का? बिडकीन पैठणच्या रस्त्यावरचं गाव आहे, आणि पैठण संत एकनाथांचं. भारुडात सोंग कोणी घेतलंय हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. तरी ऐकणाऱ्याच्या मनात जे हलतं ते त्याचं स्वतःचं असतं, सोंग उतरवल्यावर ते परत करता येत नाही. मंचामागे काय शिजलं ते चार-दोन माणसांना ठाऊक असेल. मागच्या रांगेत रडणारा तालुक्याचा कार्यकर्ता त्यांतला नव्हता. त्याचं रडणं अस्सल होतं, आणि म्हणूनच या प्रसंगाचा मजकूर मी त्याच्या बाजूने वाचतो.

आमच्या भागात हा प्रसंग लोकांनी एका वेगळ्या आठवणीशेजारी ठेवून पाहिला. पैठण मतदारसंघाने 2009 साली राष्ट्रवादीचं घड्याळ निवडून दिलं होतं, पण त्याच्या आधी आणि नंतर इथे शिवसेनेच्या धनुष्यबाणाचीच चलती. जून 2022 मध्ये एकनाथ शिंदेंच्या बंडात पैठणचे आमदार संदीपान भुमरे होते, आणि जिल्ह्यातले शिवसेनेचे सहापैकी पाच आमदार तिकडे गेले. कन्नडचे उदयसिंह राजपूत तेवढे उद्धव ठाकरेंसोबत राहिले. नेता कोण, हे तेव्हा सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांत ठरलं. गावातल्या शाखेच्या फलकाखाली बसणाऱ्याला ते टीव्हीवर कळलं. तो रडला की चिडला हे विचारायला त्याच्यासमोर सभागृहच नव्हतं. मुंबईतल्या कार्यकर्त्यांना निदान आपला नकार नेत्याच्या तोंडावर सांगता आला, आणि तीन दिवसांनी का होईना, त्यांचा शब्द चालला. हे या प्रसंगाचं मोल आहे, आणि ते लहान नाही.

मात्र त्या शब्दाचं आयुष्य किती ठरलं? 10 जून 2023 ला सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल कार्याध्यक्ष झाले. 2 जुलैला अजित पवारांनी शिंदेंच्या सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. 5 जुलैला वांद्र्याच्या एमईटी संस्थेत अजित पवारांची सभा झाली आणि यशवंतराव चव्हाण केंद्रात शरद पवारांची. वांद्र्यात अजित पवारांनी नोकरीतल्या आणि भाजपमधल्या वयोमर्यादेचा दाखला देत काकांना थांबण्याविषयी विचारलं, राजीनामा देऊन मागे का घेतला असाही जाब विचारला. दोन महिन्यांपूर्वी एका सुरात ओरडलेली माणसं आता दोन ठिकाणी वाटली गेली होती. ज्या समितीने एकमताने ठराव केला, तिच्यातले कित्येक जण पुतण्याच्या मंचावर होते. 6 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं.

मग मतदार बोलला, आणि दोनदा बोलला. जून 2024 च्या लोकसभेच्या निकालात शरद पवारांच्या पक्षाने 10 पैकी 8 जागा जिंकल्या, अजित पवारांच्या पदरात एकच पडली. नोव्हेंबरात विधानसभेत बाजू उलटली: अजित पवार 41, शरद पवार 10. नेता कोण, या प्रश्नाला जनतेने साडेपाच महिन्यांत दोन उत्तरं दिली. त्यात मला चंचलपणा दिसत नाही. पक्षाच्या आत जो निवाडा व्हायला हवा होता तो सामान्य मतदाराच्या गळ्यात पडला, आणि त्याने तो समोरच्या निवडणुकीपुरता केला.

म्हणून या प्रसंगाबद्दल माझं मत असं. रचना म्हणून पाहिलं तर 2 मे ची दुपार महाराष्ट्राच्या राजकारणातल्या सर्वांत उत्कट दुपारींपैकी एक आहे. श्रोते एखाद्या कृतीचे सहकर्ते कसे होतात ते तिच्यात शिकावं. उणीव एकच, पण मोठी. ज्यांनी जीव तोडून उत्तर दिलं, त्यांना नकार देता आला, निवड करता आली नाही. 24 वर्षांच्या पक्षात कार्यकर्त्याकडे अध्यक्ष बदलण्याचं दुसरं साधनच नव्हतं, म्हणून सगळा भार आसवांवर पडला, आणि आसवांनी बांधलेलं दोन महिन्यांत सुटलं. हे एका पक्षाचं दुखणं नाही; आपल्या जवळजवळ सगळ्या पक्षांना ते जडलेलं आहे.

पक्ष कोणताही असो, त्याच्या नेत्यांना एवढंच सांगणं आहे: भाकरी फिरवायची वेळ आली की कार्यकर्त्यांना बोलवा, पण रडायला नको, मत द्यायला बोलवा. आणि तुम्ही ज्या पक्षासाठी उन्हातान्हात बूथवर बसता, त्याच्या तालुकाध्यक्षाला पुढच्या बैठकीत विचारा की आमचं मत कधी घेणार. त्याने उत्तर दिलं नाही, तर त्याच्या पुढच्या बैठकीतही विचारा.