साडेतीन इंचांतला खर्ज

लहान स्पीकर पारखायचा म्हटला की आपला हात बहुधा दणदणीत ठोक्याच्या गाण्याकडे जातो. मला मात्र त्या कामी तंबोऱ्याइतका रसिक परीक्षक दुसरा दिसत नाही. पंचम, जोड, जोड, खर्ज अशी चार तारांची ती संथ परिक्रमा नुसती कानांवर घेत राहावी. स्पीकरच्या पेटीचा स्वभाव तिच्यातच उलगडू लागतो. पुरुष गायकासाठी काळी एकला मिळवलेला तंबोरा आपण घेऊ. त्याच्या जोडाच्या तारा सुमारे 139 हर्ट्झवर बोलतात, पंचम 104च्या आसपास, आणि शेवटी छेडला जाणारा खर्ज जोडाच्या खाली बरोबर एक सप्तक, म्हणजे 69 हर्ट्झवर. आता समोर ठेवू प्रिसोनसचा एरिस ई 3.5, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारा, साडेतीन इंची वूफरचा. निर्माताच सांगतो की त्याचा आवाका 80 हर्ट्झपासून वर. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर त्या पेटीच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. आणि तरीही डोळे मिटून ऐकू लागलो की खर्ज ऐकू येतो, स्वच्छ, आपल्या जागी बसलेला!

या आनंदाचे मूळ कुठे आहे ते पाहणे हाही एक आनंदच. तार एका स्वरात कधीच बोलत नाही. 69बरोबर 139, 208, 277, 346 अशी तिच्या पटींची सारी पंगत तिच्यातून उठते. यांतला पहिला गळाला, तरी उरलेल्यांतले समान अंतर ओळखून आपला कान त्या हरवलेल्या स्वराची जागा स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्याच्या बाबतीत हे इतके सहज घडते याचे श्रेय जवारीला. घोडीचा किंचित गोलावा आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा यांच्या मिलाफातून उपस्वरांना असा बहर येतो की चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921मध्ये त्यावर लिहिताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली: तार जिथे छेडावी तिथल्या नियमाने जो उपस्वर मुळी उमटूच नये, तोही इथे ठणठणीत उमटतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथल्या तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि त्या पंगतीतला पाचवा, 346 हर्ट्झचा, तो कोण? तो गंधार. चारही तारांत कुणी न लावलेला, स्वयंभू गंधार. साडेतीन इंची वूफर ज्या पट्ट्यात सर्वांत मोकळा असतो, नेमका तिथेच तो उगवतो. लहान पेटीला रागसंगीत इतके का मानवते, याचे मर्म मला या गंधारात सापडते.

पेटी थोडी मोठी करून पाहू. एडिफायरच्या आर 1280 टीमध्ये चार इंची वूफर, तेरा मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्वीटर, आणि दोन्ही बाजूंना पुरणारा अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीच्या पोटात. जेबीएलच्या 305पी मार्क 2मध्ये पाच इंची वूफरला 41 वॉट आणि ट्वीटरला स्वतंत्र 41 वॉट. खालची मर्यादा 43 हर्ट्झची सांगितलेली. इथे खर्ज अनुमानातून उठत नाही, तो देह धारण करून येतो. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून नाद खाली-वर घसरवतो, तेव्हा तो घिस्सा लहान पेटीत रेषेसारखा कळतो आणि या पेटीत वजनासकट. साधा बुकशेल्फ स्पीकर घेतला तर अ‍ॅम्प्लिफायर वेगळा जोडावा लागतो. खर्च वाढतो, पण जोडी आपल्या आवडीने जुळवता येते. एकट्याने टेबलाशी बसून ख्याल ऐकणाऱ्याला साडेतीन इंच पुरतात असे माझे मत. डग्ग्यावर ज्याचा जीव जडला आहे त्याने पाच इंचांखाली उतरू नये.

टेबलाचीही या मैफलीत साथ असते, आणि ती नेहमीच सुरेल नसते. पेटी थेट लाकडावर ठेवली की पृष्ठभागावरून परतलेला नाद सरळ येणाऱ्या नादात मिसळतो, आणि बहुधा 150 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे जोडाच्या शेजारीच, फुगवटा येतो. मायक्रोफोनने काढलेल्या आलेखात तो टेकाडासारखा दिसतो. कानाला जोड जाड वाटतो, तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या. पेटी वीतभर उचलावी, ट्वीटरचा रोख कानाकडे करावा. टेकाड ओसरते आणि दोन जोडांमधला सूक्ष्म श्वास पुन्हा ऐकू येतो. आलेख कुठे कान द्यायचा ते सांगतो. तिथे काय आहे ते कानच सांगतो.

डहाणूच्या किनाऱ्यावरच्या नरपडला या ऐकण्यात समुद्रही भागीदार आहे. भरतीच्या वेळी लाटांचा घोष आणि सुरूच्या बनातली सळसळ मिळून एक रुंद, सर्व पट्ट्यांत पसरलेला पडदा धरतात, आणि जवारीची वरची नक्षी नेमकी त्यात बुडते. किनारा इथे इतका सपाट की ओहोटीला पाणी दूरवर सरते. ऐकायचे असो वा मोजायचे, चिकूच्या वाडीतल्या घरात ती घटका धरावी. खाऱ्या हवेने स्पीकर जोडणाऱ्या तांब्याच्या तारांची टोके काळवंडतात. ती अधूनमधून पुसलेली बरी.

शिवाय घरात सगळेच काही पेटीसमोर बसत नाहीत. कुणी झोपाळ्यावर, कुणी दाराशी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी 1980च्या दशकात श्रोत्यांना पेटी न दाखवता ऐकवले, तेव्हा पसंती पुन्हा पुन्हा त्याच स्पीकरांकडे वळली ज्यांचा आलेख समोरून सपाट आणि बाजूंनीही समंजस होता. आज पेटीभोवती आडवी आणि उभी अशी दोन वर्तुळे कल्पून दर दहा अंशांवर, एकूण 70 ठिकाणांहून मोजण्याची जी रीत आहे, ती या झोपाळ्यावरच्या श्रोत्याची कदर करणारी आहे.

आणि वर्तुळातून ऐकणे डहाणू-तलासरीच्या मातीला शिकवावे लागत नाही. वारली नाचात तारपा मध्ये असतो. वादक श्वास न तोडता फिरत राहतो, आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती वळत तो नाद समोरून, बाजूने, पाठीमागून घेतात. भोपळ्यातल्या बांबूच्या नळ्यांमधून निघालेला तो कंप ताडाच्या पानांचा कर्णा हळूहळू रुंदावत मोकळ्या हवेच्या हवाली करतो. जेबीएलच्या ट्वीटरभोवतीची कोरीव वाटी ध्वनिशास्त्राच्या त्याच तत्त्वावर चालते: अरुंदातून रुंदात जाताना नादाला धक्का बसू नये, आणि तो ठरलेल्या कोनात सारखा पसरावा. तेव्हा तंबोऱ्यानंतर तारप्याचे ध्वनिमुद्रण लावून आपण पेटीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सावकाश चालत जावे. चांगल्या वाटीच्या पेटीत त्याचा तो रवाळ, दाट नाद बराच वेळ रंग बदलत नाही; साध्या पेटीत थोडे कडेला सरताच वरची धार आधी मावळते आणि मागे नुसता भोपळ्याचा घुमारा उरतो.