सामूहिक ऑनलाइन गेममधील कथेचे स्थान : एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

सिल्वासाहून नरोलीकडे जाताना दमणगंगेच्या काठी अथाल लागते. दादरा आणि नगर हवेलीच्या या भागात कारखाने आले, त्यांच्यामागून अनेक राज्यांतील कामगार कुटुंबे आली, आणि वारली, कोकणी, धोडिया, गुजराती, मराठी व हिंदी या बोली आणि भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येऊ लागल्या. पाळी संपवून खोलीवर आलेला तरुण आणि महाविद्यालयातून घरी परतलेला विद्यार्थी वर्गात किंवा वाचनालयात एकमेकांना भेटतीलच असे नाही. मोबाइलवरील एखाद्या गेममध्ये मात्र ते एकाच चमूत असू शकतात. या गेममध्ये गोष्ट काय आहे, असे विद्यार्थ्याला विचारले तर ‘गोष्ट वगैरे काही नसते, फक्त खेळायचे असते’ असे उत्तर बहुधा मिळते. भाषेचा शिक्षकही या उत्तरावर समाधान मानतो. गोष्ट नाही, म्हणजे वाचण्यासारखे काही नाही. तेव्हा हा विषय समीक्षेचा नसून शिस्तीचा आहे, असे गृहीत धरले जाते.

प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासण्याचा प्रयत्न केला आहे. असंख्य खेळाडू एकाच वेळी जेथे वावरतात अशा गेममध्ये कथेला काही महत्त्व असते काय, आणि असल्यास ते कोणत्या स्वरूपाचे असते, हा येथील प्रश्न आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारखे जग वर्षानुवर्षे चालू राहते, तर ‘पबजी’चा डाव अर्ध्या तासात संपतो. काटेकोर व्याख्येनुसार हे दोन वेगळे प्रकार आहेत. तथापि आपल्याकडील विद्यार्थ्यांचा संबंध मुख्यतः दुसऱ्या प्रकाराशी येत असल्याने येथे दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

कथेविरुद्धचा पक्ष

कथेला महत्त्व नाही असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही, ती प्रथम मांडली पाहिजे. या प्रकाराचा उगम १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या ‘मड’ या केवळ शब्दांवर चालणाऱ्या खेळात सापडतो. बार्टल यांनी १९९६ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात खेळाडूंचे चार वर्ग केले : यश मिळवू पाहणारे, शोध घेणारे, संगत शोधणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. या चौघांत गोष्ट ऐकायला आलेला श्रोता नाही, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरे असे की, लेखकाने रचलेले कथानक हजारो माणसांच्या हाती टिकत नाही. ‘अल्टिमा ऑनलाइन’ या गेमची चाचणी ऑगस्ट १९९७ मध्ये चालू असताना त्याचे निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या रूपात प्रजेसमोर उभे होते. हा राजा मरणार नाही असे गृहीत होते. एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला. त्या जगातील सर्वांत जास्त सांगितली गेलेली घटना हीच, आणि ती कोणी लिहिलेली नव्हती.

आइसलँडमधील संस्थेने २००३ साली सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’चे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी २०१४ मध्ये या गेममधील एका तारामंडलाच्या ताब्यासाठीचा ठरलेला हप्ता एका गटाकडून भरला गेला नाही. त्या चुकीतून पेटलेल्या लढाईत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले आणि सुमारे तीन लाख डॉलर किमतीची जहाजे नष्ट झाली. कोणत्याही कथालेखकाला सुचले नसते असे हे कथानक एका थकलेल्या हिशेबातून जन्मले. मग कथा लिहायचीच कशाला, असा प्रश्न येथे रास्त ठरतो.

परंतु याच उदाहरणात या पक्षाची मर्यादाही दिसते. लढाईत भाग घेतलेल्या प्रत्येकाने आपल्यापुरता एक तुकडा पाहिला होता. त्या तुकड्यांची गोष्ट झाली ती नंतर, कोणीतरी साक्षी जमवून, कारणे जुळवून ती सांगितली तेव्हा. अँड्र्यू ग्रोएन यांनी या गेममधील साम्राज्यांचा इतिहास २०१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. म्हणजे खेळाडूंनी लेखकाची जागा घेतली तरी निवेदकाची गरज संपली नाही.

तारपा आणि भवाडा

हा प्रश्न परदेशी गेमपुरता नाही. अथालच्या परिसरातील समूहकलांत त्याची दोन उत्तरे पूर्वीपासून आहेत. वारल्यांच्या तारपा नाचात गोष्ट नसते. सुकवलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजू लागला की हातात हात गुंफलेल्यांची साखळी त्याच्याभोवती फिरू लागते. तारपावाला वळेल तशी साखळी वळते. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. येथे कथानक नाही, पण नियम आहे, आणि त्या नियमामागे त्या समाजाची श्रद्धा व सुगीचा आनंद आहे. नाचणाऱ्याला ‘हे कशासाठी?’ असे विचारावे लागत नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्या जगण्यात आहे.

कोकणा समाजाचा भवाडा आणि शेजारच्या जव्हार-मोखाडा भागातील बोहाडा यांत मात्र गोष्ट असते. देव, दैत्य, रामायण-महाभारतातील पात्रे यांचे मुखवटे घालून सोंगे निघतात. ही गोष्ट कोणाला नवीन नसते. देवी महिषासुराला मारणार हे लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही माणसे रात्रभर जागतात. येथे कथेचे काम उत्सुकता वाढवणे हे नाही. कोणता मुखवटा कोणाचा, त्याने कसे चालावे, त्याने काय करावे आणि काय करू नये, हे कथेमुळे ठरते. कथा ही येथे पुढे काय होणार हे सांगत नाही, तर जमलेल्या सर्वांना आपापली जागा देते.

या दोन उदाहरणांवरून एक भेद हाती लागतो. कथानक, म्हणजे घटनांची मालिका, आणि कथा, म्हणजे कृतीमागील ‘का’ याचे समूहाला मान्य असलेले उत्तर, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सामूहिक गेममध्ये पहिलीचे महत्त्व कमी असेल. त्यावरून दुसरीचेही कमी असे ठरत नाही.

न संपणारी कथा

कथेला शेवट हवा आणि हे गेम तर संपतच नाहीत, असाही एक आक्षेप घेतला जातो. दास्तानच्या परंपरेशी परिचित वाचकाला या आक्षेपाचे नवल वाटणार नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून छापलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे आणि ती जिचा भाग आहे त्या अमीर हमजाच्या दास्तानचे खंड मोजता मोजता सेहेचाळीसवर जातात. शेवट काय, हे ऐकण्यासाठी दास्तानगोच्या बैठकीला कोणी जात नसे. तिलिस्म हे स्वतःचे कायदे असलेले जग होते. त्या जगात आज रात्री काय घडते यात रस होता. वाढत जाणे हाच त्या कथेचा धर्म होता.

‘फायनल फँटसी चौदा’ या जपानी गेमने अशा वाढत्या कथेचा एक वेगळा उपयोग करून दाखवला. २०१० साली आलेली त्याची पहिली आवृत्ती सपशेल फसली. नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे आल्यावर जुने जग गुपचूप बंद केले गेले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातून संकट कोसळून ते जग खेळाडूंच्या डोळ्यांदेखत नष्ट झाले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्या विनाशानंतरचे जग म्हणून नवी आवृत्ती उघडली. धंद्यातील अपयश कथेत सामावून घेतल्यामुळे जुन्या खेळाडूंच्या दोन वर्षांच्या श्रमांना अर्थ राहिला. हे काम केवळ नियम बदलून झाले नसते.

कथा गळाली की काय गळते

आता विद्यार्थ्यांच्या हातातील गेमकडे वळता येईल. ‘बॅटल रॉयल’ या प्रकाराचे नाव आणि कल्पना कौशुन ताकामी यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी कादंबरीपर्यंत मागे जाते. तीवर किंजी फुकासाकू यांनी २००० साली चित्रपट केला आणि त्या चित्रपटाचा प्रभाव ‘पबजी’चे निर्माते ब्रेंडन ग्रीन यांच्यावर होता. कादंबरीची गोष्ट अशी : एका हुकूमशाही राजवटीत शाळेच्या एका वर्गातील बेचाळीस मुलामुलींना बेटावर नेले जाते, गळ्यात स्फोटक पट्टे अडकवले जातात आणि एकच उरेपर्यंत एकमेकांना मारण्याची सक्ती केली जाते. बेटाचा एकेक भाग निषिद्ध होत जातो, त्यामुळे लपून राहता येत नाही. हे कोणी केले आणि का केले, हा त्या कथेचा गाभा आहे. वर्गमैत्री भीतीपुढे किती टिकते, हा तिचा प्रश्न आहे.

२०१७ साली आलेल्या ‘पबजी’त बेट राहिले, आकसत जाणारी जागा राहिली, एकच उरण्याची अट राहिली. राजवट मात्र नाहीशी झाली. सक्तीच्या जागी स्वेच्छा आली. शंभर खेळाडू आपणहून छत्रीने उतरतात. वर्गमित्र जाऊन अनोळखी प्रतिस्पर्धी आले. अर्थात गेम म्हणून हे मोठे यश होते. घट्ट नियम, थोडा वेळ, प्रत्येक डावात नवा प्रसंग, ही त्याची बलस्थाने नाकारता येणार नाहीत. चमूने खेळताना मुले परस्परांना सावरतात, ही गोष्टही खरी आहे. परंतु येथे कथा गळाली ती निरुपद्रवीपणे गळाली नाही. जो नियम कादंबरीत आरोप होता, तो गेममध्ये नुसता नियम उरला. ‘एकच उरणार’ असे कोणी ठरवले, हे विचारण्याची जागाच शिल्लक राहिली नाही.

म्हणून ‘गोष्ट वगैरे काही नसते’ हे विद्यार्थ्याचे उत्तर अपुरे आहे. गोष्ट होती, ती काढून टाकलेली आहे. काय काढले गेले हे पाहणे हे समीक्षेचेच काम आहे, आणि ज्या वर्गातील मुलांविषयी ती मूळ गोष्ट होती, तसाच वर्ग शिक्षकासमोर रोज बसलेला असतो.

एक पुणेरी प्रयत्न

काढून टाकलेली कथा परत आणता येते काय? पुण्यातील ‘सुपरगेमिंग’ या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘इंडस’ हा बॅटल रॉयल या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. विरलोक हे कल्पित स्थळ, भारतीय शिल्प व वेशभूषेचे भविष्यकालीन रूप, आणि कॉस्मियम नावाचे दुर्मीळ द्रव्य अशी त्याची मांडणी आहे. हत्ती, मोर, ताज अशा खुणा पात्रांच्या रूपात व नावांत येतात. ही सजावट डोळ्यांना सुखावते, पण सजावट म्हणजे कथा नव्हे. अंगरखा बदलल्याने माणूस का लढतो हे बदलत नाही; आणि वेगवेगळे वेश विकणे हा तर अशा मोफत गेमचा व्यवसायच असतो.

मात्र या गेममधील एक कल्पना सजावटीच्या पलीकडे जाते. डावाच्या अखेरीस कॉस्मियम ताब्यात घेणाऱ्याला, उरलेल्या सर्वांना न मारताही, डाव जिंकता येतो. कथेतील वस्तूने येथे नियमाला हात लावला. ‘एकच उरणार’ या अटीला एक पर्याय उभा राहिला. त्या द्रव्याचे पुढे काय होते, ते कोणाच्या कामी येते, हे प्रश्न डावात फारसे उतरत नाहीत, ही त्याची उणीव आहे. तरीही दिशा योग्य आहे. आरंभीच्या चित्रफितीत सांगितलेली गोष्ट खेळाडू ओलांडून जातो. नियमात शिरलेली गोष्ट त्याला ओलांडता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सामूहिक ऑनलाइन गेममध्ये कथेला महत्त्व आहे, पण ते कथानकाच्या रूपात नाही. ती कृतीमागील कारण पुरवते, समूहाला जागा देते, आणि खेळून झाल्यावर सांगण्याजोगे काही मागे ठेवते. यांपैकी एकही काम न करणारी कथा कितीही लांब असली तरी निरर्थक ठरते.

शासनाने या क्षेत्राकडे आपल्या परीने पाहिले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो गेम ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने भारतीय रूपात आला. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळे स्थान दिले. कायदा पैसा आणि सुरक्षितता यांच्या आधारे भेद करतो, तसा त्याने केलाही पाहिजे. अर्थाच्या आधारे भेद करणे हे कायद्याचे काम नाही. ते वर्गातच होऊ शकते.

त्यासाठी शिक्षकाने गेममध्ये निष्णात असण्याची आवश्यकता नाही. विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारता येतील. तुला तेथे कोणी पाठवले आणि कशासाठी? तेथे काय करता येते आणि काय करताच येत नाही? काल रात्रीच्या डावात जे घडले ते, तो गेम न खेळलेल्या माणसाला कळेल असे एका पानात लिहिता येईल काय? पहिला प्रश्न कथेचा आहे, दुसरा नियमाचा, तिसरा निवेदनाचा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलगा मराठीत, हिंदीत किंवा घरच्या बोलीतही लिहू शकतो. अथालसारख्या ठिकाणी, जेथे एकाच बाकावर चार घरांच्या चार भाषा बसतात, तेथे हे एक पान सर्वांना वाचण्याजोगा समान पाठ ठरू शकेल.